चाळणीकाकांची माती

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या सरकारी ब्लॉकात कुणी काही फेकायला निघालं की आधी इकडेतिकडे पाहून घेई. चाळणीकाकांनी पाहिलं तर ती वस्तू पुन्हा घरात न्यावी लागे. काका खरं तर सेक्शन ऑफिसर. चाळणी त्यांच्या नावाला चिकटली ती मीनाचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात.

हॉल परवडणारा नव्हता. नोव्हेंबरातला साखरपुडा आपल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात करायचा, असं काकांनी जाहीर केलं. अंगणात गुडघाभर लव्हाळा माजलेला. वरून उपटावा, तर खाली मातीत गाठ शिल्लक आणि आठवड्यात पातं पुन्हा हजर. काकू म्हणाल्या, "व्याह्यांना काय गवतात उभं करणार आहात?"

समोरच्या तळमजल्यावर एक मोठे साहेब राहत. त्यांच्या नावाची पाटी फाटकापेक्षा थोडीच लहान होती. त्यांनी आपल्या अंगणातली माती उपसून टाकली, ट्रकभर नवी मागवली आणि काकांनाही सांगितलं, "अरे भाई, मिट्टी बदल डालो."

"मातीचा काय दोष?" काका मला म्हणाले. "एक फाइल सडली म्हणून कुणी कपाट बदलतं का?"

"सरकारात बदलतात," मी म्हटलं.

"बिल्कुल. म्हणून तर घरी नको."

जुन्या कूलरची जाळी चौकटीसकट काढून त्यांनी चाळणी केली. एप्रिलभर रोज ऑफिसच्या आधी तासभर ते माती खणत, चाळत आणि गाठी बादलीत टाकत. मग माती पसरून भिजवली, वर पारदर्शक प्लास्टिक घातलं, कडांवर विटा ठेवल्या आणि उरल्यासुरल्या गाठी शिजाव्यात म्हणून मे-जून तशीच तापू दिली. "दिल्लीचं ऊन आपल्याला एवढं छळतं," ते म्हणत, "एकदा तरी त्याला कामाला लावू."

पावसाळ्यात काकांनी त्याच मातीत हिरवळ लावली. साहेबांच्या नव्या मातीत मात्र लव्हाळा असा तरारून आला की आमचा जुना त्याच्यापुढे गरीब वाटावा. आता काका काहीतरी बोलणार म्हणून सगळा ब्लॉक कान टवकारून होता. काका चाळणी घेऊन समोर गेले. "साहब, यह रखिए. हमारा काम हो गया." पुढच्या रविवारी साहेब बनियनवर माती चाळताना दिसले, आणि ते आपल्यासारखेच आहेत हे ब्लॉकला प्रथमच कळलं.

साखरपुड्याला मांडव साधा होता, हिरवळ देखणी. मुलाचे वडील दोन शब्द बोलायला उठले आणि दहा मिनिटांनीही पहिल्याच शब्दावर होते. तेवढ्यात काकांची नजर त्यांच्या बुटाकडे गेली. शेजारी एक पातं. काका रेशमी कुडत्यातच खाली वाकले. व्याही घाबरून मागे सरले. "अहो, पाया कसले पडता? मी लहान आहे तुमच्याहून."

"तसं नाही हो," काका गाठीसकट पातं वर धरून म्हणाले, "लव्हाळा होता."

भाषण तिथेच संपलं. सगळ्यांत जास्त हसले ते व्याहीच. काकूंनी मात्र डोळ्यांना पदर लावला. तो हसून की सुटकेने, ते मला कळलं नाही.

फेब्रुवारीत काका निवृत्त झाले आणि गाझियाबादच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले. टेंपोत सर्वांत आधी मातीची चार पोती चढली.

"सरकारची माती आहे ती," काकू म्हणाल्या.

"माती सरकारची. चाळलेली माझी."

पाचवं पोतं त्यांनी माझ्या दारात ठेवलं. काका वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती माती माझ्याबरोबर तीन बदल्या हिंडून आता बाल्कनीतल्या कुंडीत आहे. परवा तीत लव्हाळ्याचं एक पातं दिसलं. नुसतं वरून उपटणार होतो. कुणी पाहत नव्हतं. मग मुकाट्याने खुरपं आणायला उठलो.