तरंगतं ते बांधकाम नव्हे

माझे धाकटे दीर नावा दुरुस्त करायचे. हाताची नखं डांबरानं कायमची काळी झालेली, म्हणून लोक त्यांना डांबरशेठ म्हणत. त्यांना राग यायचा नाही. "शेठ तर म्हणतात ना, वहिनी," म्हणून हसायचे. मी त्यांना भाऊजीच म्हणत असे.

तळ्याच्या काठावर त्यांची शेड होती, माझ्या सासऱ्यांनी उभी केलेली. तीन बाजूंना फळ्या आणि चौथी बाजू पाण्याकडे उघडी. नाव ओढून थेट आत घ्यायची, पालथी घालायची, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकायचा आणि वरून गरम डांबर भरायचं. माझे यजमान शिकून कचेरीत चिकटले, शेड भाऊजींकडे राहिली.

गावाला पिण्याचं पाणीही याच तळ्याचं. काठावर गेस्टहाउस झालं तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. त्याचं सांडपाणी कुठं जातं हे कोणी विचारलं नाही. पुढं गावात कावीळ आली आणि तिच्यात भाऊजींची मुलगी गेली. एकुलती एक होती. वेणी घालून घ्यायला माझ्याकडे यायची, आई केस ओढते अशी तिची तक्रार.

भाऊजी कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. ते नगरपालिकेत जाऊ लागले. सभा असली की शेड बंद करून, स्वच्छ सदरा घालून मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि बोलायची परवानगी मिळाली की एकच गोष्ट मागायचे: काठासाठी नियम करा. सभासद बदलले, बाक बदलला, यांचं मागणं तेच. माझी जाऊ म्हणायची, "लग्नातसुद्धा इतका इस्त्रीचा सदरा नव्हता."

शेवटी नियम झाला. काठाभोवती पिवळे खांब रोवले. खांबांच्या आत नवं बांधकाम नाही, विनापरवाना असेल ते काढायचं, काठची झाडं आणि लव्हाळी तोडायची नाहीत, सांडपाणी पाण्यात सोडायचं नाही. नियम चांगला होता, हे मी आजही म्हणते. त्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा तिच्याविषयी बोलले.

त्या नियमाखाली पहिली नोटीस त्यांच्या शेडला आली.

गेस्टहाउसकडे परवाना होता, शिवाय सांडपाणी शुद्ध करण्याचा रंगीत नकाशा होता. शेडला परवाना नव्हता, कारण सासऱ्यांनी ती उभारली तेव्हा परवाना द्यायला नगरपालिकाच नव्हती. भाऊजींनी हे इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. साहेब तरुण होते, मनानं वाईट नव्हते. त्यांनाही कसंनुसं झालं. म्हणाले, तुमच्यासाठी सूट दिली तर गेस्टहाउसवालेही उद्या रांगेत उभे राहतील. भाऊजींना ते पटलं. हीच तर त्यांची खोड होती, दुसऱ्याचं बरोबर असलं की त्यांना लगेच पटायचं. उठता उठता साहेब सांत्वनाला म्हणून गेले, "जमिनीवर असेल ते बांधकाम. पाण्यावर तरंगतं ते बांधकाम नव्हे. तुमच्या नावांना कोण काय म्हणतंय?"

भाऊजी तिथून घरी आले ते हसतच. शेड त्यांनी स्वतःच उतरवली, फळ्या जपून ठेवल्या, रिकामी पिंपं गोळा केली आणि पिंपांवर तराफा बांधून त्याच्यावर तीच शेड पुन्हा उभी केली. दोराला बांधलेली शेड काठापासून जराशी दूर पाण्यावर डुलायची. लोक बघायला यायचे. वर्तमानपत्रात फोटो आला. जाऊ म्हणाली, "सासऱ्यांचं घर बुडवणारे ऐकले होते, तरंगवणारे हेच."

बघायला आलेल्यांत गेस्टहाउसचे मालकही होते. नगरपालिकेत त्यांची इतकी सरबराई चाले की भाऊजींनी त्यांचं नाव जावईबापू ठेवलं होतं. जावईबापूंनी तराफ्यावर बसून चहा घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि विचारलं, इतकं वजन पिंपं पेलतात कशी, वाऱ्यात कलत कसं नाही. भाऊजी त्यांना काठावरून सुद्धा ओळख न देणारे, पण कारागिराची स्तुती केली की तो कुलूप उघडून वर किल्लीही हातात देतो. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. वर चित्रही काढून दिलं.

पुढच्या हंगामात तळ्याच्या मध्यावर तरंगतं रेस्टॉरंट आलं. त्यात स्वयंपाकघर होतं, संडास होते, रात्री दिव्यांच्या माळा. मैल्यासाठी खाली टाकी होती, ती कधी रिकामी होते हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. काठाच्या लव्हाळ्यात तेलाचा तवंग चिकटू लागला. काही वर्षांत नळाच्या पाण्यालाही वास यायला लागला.

भाऊजींनी पुन्हा सदरा घातला. आता पुढच्या बाकांवरून टोमणे यायला लागले, की आधी स्वतःचा तराफा हलवा. ते म्हणाले, हलवतो, पण दोघांनाही नियम लावा. नगरपालिकेनं या वेळी वेळ लावला नाही. नवं धोरण झालं: पाण्यावरच्या प्रत्येक तरंगत्या जागेला सांडपाण्याची टाकी हवी आणि दरवर्षी तपासणीचा दाखला हवा. जावईबापूंकडे टाकी होती, दाखलाही आला. नोटीस भाऊजींना आली.

या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले होते. इंजिनिअरसाहेबांचे केस आता विरळ झाले होते. त्यांनी नजर खाली ठेवूनच सांगितलं, "नियमात टाकी हवी."

"माझ्याकडे संडास नाही, चूल नाही. टाकीत भरू काय?"

"ते नियमात नाही."

भाऊजींनी नोटिशीची घडी करून खिशात घातली. मग मला म्हणाले, "चला वहिनी." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. त्याआधी मी त्यांना कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

तराफा मोडला. माझ्या परसात पत्र्याखाली त्यांनी हत्यारं मांडली, पण चढ चढवून नाव कोण आणणार? ते दिवसभर बसून जुने खिळे सरळ करायचे. जाऊ म्हणायची, "नियम मागायला गेला होतात ना? घ्या, दोनदा मिळाला." बोलून झालं की आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवायची.

एका पावसाळ्यात जोराचा वारा झाला आणि सकाळी रेस्टॉरंट एका अंगाला कललेलं दिसलं. खालची पिंपं गंजली होती. जावईबापूंनी आधी मॅनेजरला धाडलं, मग छत्री घेऊन स्वतः आले. शहरातून माणसं यायला वेळ लागेल, तोवर ते बुडेल, असं म्हणाले. परसात चिखलात उभे होते, आम्ही बसा म्हटलं नाही.

जाऊ दारातूनच म्हणाली, "बुडू दे."

मलाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं कोणी ऐकलं नाही, आता पाणीच न्याय करतंय, तर करू द्यावा.

भाऊजी हातातला खिळा फिरवत होते. म्हणाले, "टाकी कुठल्या अंगाला आहे?"

जावईबापूंनी सांगितलं, कललं आहे त्याच अंगाला.

"भरलेली?"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

भाऊजी उठले. काथ्या, हातोडा, डांबराचा डबा पिशवीत भरू लागले. जाऊ आडवी आली. "त्या माणसासाठी जाताय तुम्ही? आपल्या पोरीला..."

"ती टाकी फुटली तर सगळी तळ्यात जाईल," ते म्हणाले. "मग आणखी कोणाची पोर?"

दोन दिवस ते पिंपांना धरून कमरेपर्यंत त्या घाणीच्या पाण्यात होते. रेस्टॉरंट सरळ झालं. त्यानंतर दर पावसाळ्याआधी जावईबापूंचं बोलावणं यायचं आणि भाऊजी जायचे. त्यांनी डागडुजी केली की तरंगती जागा भक्कम असल्याचा दाखला नगरपालिका देई. ज्याला हटवायला ते जन्मभर धडपडले, त्याला तरंगत ठेवणं हेच त्यांचं शेवटचं काम झालं. टाकी रिकामी करा, एवढं ते प्रत्येक वेळी सांगायचे. हो म्हणायचे सगळे.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाऊ आणि मी एकत्र राहतो, पाणी उकळून पितो. खिडकीतून रेस्टॉरंटच्या दिव्यांच्या माळा दिसतात. ती कधी कधी विचारते, अजून कसं बुडत नाही हे?

बुडेल कसं? त्यांच्या हातचं काम आहे. इतक्यात गळायचं नाही.