खुणेच्या मागे बोटभर

माणसाला आपल्या हाताचा गर्व असावा, पण किती? तराजू दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘काटा’ म्हणायचा. चिमूटभर फरकसुद्धा तो नुसत्या बोटांवर तोलून सांगायचा. मग साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर झाली आणि हे त्यानं बायकोलाही कळू दिलं नाही. नजरेवर निभत होतं. निभतंय म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतो!

धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा आणि सुट्टीला रिमोटचं विमान उडवायचा. एकदा त्यानं विमानाला नवं, जड इंजिन बसवलं. इंजिन बदललं की तोल बदलतो, तो नव्यानं साधल्याशिवाय विमान सोडायचं नसतं. धाकट्यानं थेट थोरल्याचं दुकान गाठलं.

“दादा, क्लबवाले म्हणतात तोल बघायचा स्टँड घे. मी म्हटलं, माझा भाऊ असताना स्टँड कशाला?”

इथंच खरं बोलायचं होतं, पण कसलं काय! गडी फुशारला.

पंखांच्या खालच्या बाजूला, तोल जिथं साधायचा तिथं, चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात. ते दिसत नाहीत, बोटांना लागतात. त्यांच्यावर विमान उचललं की नाक जरासं झुकलेलं हवं. काट्यानं उचललं तर नाक भसकन खाली गेलं. “पुढून फार जड झालंय,” म्हणत त्यानं शेपटीत शिशाचे तुकडे चिकटवले. पुन्हा तोललं, आणखी चिकटवले. शेवटी विमान हवं तसं राहिलं.

“जा, उडव बिनधास्त.”

रविवारी विमानानं जमीन सोडली, नाक आभाळाकडे केलं आणि कोलमडून मैदानाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर आदळलं. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. धाकटा रिमोट हातात धरून “माझाच हात चुकला, माझाच हात चुकला” एवढंच म्हणत राहिला.

विमानाचे तुकडे दुकानात आले तेव्हा काट्यानं पंख उलटा केला. चिकटपट्टीच्या चांगलं बोटभर मागे त्याच्याच बोटांचे वंगणाचे काळे ठसे होते. म्हणजे नाक तेवढं जड नव्हतंच. बोटं भलतीकडे होती आणि शिसं उगीच भरलं होतं. आणि मेल्यानं काय करावं? चिंधी घेऊन ठसे पुसले.

महिन्यानं भावजय दुकानाशी आली. “दादा, हे व्हॅन सोडतायत. म्हणतात, हाताचा भरवसा राहिला नाही, लोकांची पोरं कशी बसवू? तुम्ही तरी सांगा.”

काटा तसाच उठून तिच्याबरोबर धाकट्याच्या घरी गेला. धाकटा टेबलाशी बसून पाण्यानं भरलेला ग्लास उचलून आपला हात हलतो का ते बघत होता. मेणकापडावर पाणी सांडलेलं होतं.

“चूक माझी होती रे,” काटा उभ्या उभ्याच म्हणाला. “बोटं मेलीत माझी. दोन वर्षं झाली. मी विमान खुणेच्या मागे धरलं.”

धाकट्यानं मान वर केली. “पुरे, दादा. मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेतोस होय? लहानपणी काच मी फोडायचो, मार तू खायचास.”

“अरे देवा, खरंच सांगतोय! पंखावर ठसे होते.”

“कुठायत?”

“पुसले मी.”

“बघ. धड खोटंही बोलता येत नाही तुला.”

काट्यानं भावजयीकडून सुई मागून घेतली आणि बोटात खुपसली. रक्त आलं. त्यानं हूं की चूं केलं नाही. धाकट्यानं झडप घालून सुई हिसकावली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “वेडा झालास का? माझ्यापायी एवढं सोसशील?”

काट्यानं पुन्हा सांगितलं, शपथा घेतल्या, शेवटी ओरडला. धाकटा त्याच्या बोटाला फडकं बांधत राहिला.

सोमवारी व्हॅनचा नवा ड्रायव्हर आला. धाकट्यानं त्याच्या हातात चावी दिली, खिडकीतल्या पोरांना हात केला आणि बाजूला उभ्या असलेल्या काट्याची ओळख करून दिली.

“हा माझा थोरला भाऊ,” तो म्हणाला. “याच्यासारखा माणूस मिळायचा नाही.”