फटफटी, तळी आणि मायचं तूप

तळ्यात गाळ साचतो तसे आमच्या कंपूत किस्से साचले आहेत. मुद्दाम आणून कोणी टाकत नाही, आपोआप तळाशी बसतात. फरक इतकाच, की दुष्काळात तळ्यातला गाळ निघतो. आमचा दरवर्षी वाढतोच!

कंपू म्हणजे तिघे. मी, बनसोड गुरुजी आणि किराणा दुकानवाला सुमती; जैनांत हे पुरुषांचंही नाव असतं. बहात्तरचा दुष्काळ सरला, तळी पुन्हा भरली, आणि त्याच सुमारास मी एक जुनी फटफटी घेतली. ठरलं, की दर रविवारी दोघांनी निघायचं, जिल्ह्यातलं एक मोठं तळं पाहायचं आणि तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्याचा इतिहास ऐकायचा. मागच्या सीटवर एकदा गुरुजी, एकदा सुमती.

*

फटफटी आधी ढोरांच्या डॉक्टरची होती. हे मला ठाऊक होतं. पण तिचा आवाज जिल्ह्यातल्या गावोगाव ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं!

पहिल्याच तळ्याच्या पाळीवर गाडी थांबवली, तर पाच मिनिटांत दोन गाई, एक गोऱ्हा आणि एक म्हैस हजर.

"डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, चारा खात नाही हे."

मी म्हटलं, "बाबा, मी डॉक्टर नाही. या तळ्याचा इतिहास विचारायला आलोय."

म्हाताऱ्याने दावं माझ्या हातात दिलं. "सांगतो नं जी. आधी म्हैस पाहा, मंग इतिहास!"

गुरुजींनी गंभीरपणे म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि "गूळ-ओवा द्या" म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या गावाहून निरोप आला, म्हैस चांगली आहे, आता बैलाला पाहायला या!

*

कारंज्याचा ऋषी तलाव. काठावर दोन म्हातारे भेटले. एक म्हणाला, ऋषींनी स्वतः खणला. दुसरा म्हणाला, शिष्यांनी खणला, ऋषी नुसते उभे होते. दोघांचं भांडण हातघाईवर आलं.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "कोणी का खणेना, माती कोणी वाहिली?"

बाजूला धुणं धुणारी बाई उठून म्हणाली, "आमीच वाह्यली असन जी! दुष्काळात बी आमीच वाहत होतो. डोक्यावरची चुंबळ कुठं उतरली अजून?"

दुष्काळी कामावर गुरुजींच्या आईनेही माती वाहिली होती. त्या दिवशी त्यांनी बाईला वाकून नमस्कार केला आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, "चालू द्या तुमचं!"

*

नवीन धरणाकडे मी आणि सुमती गेलो. गाव उठून वर माळावर बसलं होतं. तिथल्या एकाला विचारलं, "पलीकडे शेलूबाजारच्या रस्त्याला कसं लागायचं?"

"सिध्धे जा. मारुतीपाशी डावीकडं वळा, अन् पुढं चिंच लागन."

आम्ही सिध्धे गेलो. रस्ता उतरत उतरत पाण्यातच गेला! समोर नजर पोचेल तिथवर धरण. मारुती नाही, चिंच नाही. ब्रेक लावेपर्यंत पुढचं चाक भिजलं.

परत जाऊन त्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "रस्ता बराबर हाय जी. पानी मंग आलं!"

*

आता मायचं सांगतो. माय म्हणजे सुमतीची आई. आम्ही सगळे तिला मायच म्हणतो. दरवर्षी शिरपूरच्या जैन देवळात दर्शनाला जायची. त्या वर्षी गुडघे गेले. मायने नियम घेतला, की शिरपूरच्या तळ्याचं पाणी घरी येऊन डोळ्यांना लागत नाही, तोवर तूप बंद!

तूप सुटलं तसं जेवणही सुटत चाललं. तूप नसेल तर मायला घास गिळवत नसे. दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सुमती दुकानात बसून रडायचा.

पण नुसतं पाणी आणून भागत नव्हतं. त्यांच्या घरची रीत कडक. शिरपूरची कथा अशी, की राजा मूर्ती घेऊन निघाला, त्याला मागे पाहू नको म्हणून बजावलं होतं, त्याने पाहिलं, आणि मूर्ती तिथेच अधांतरी राहिली. राजाची चूक आपण करायची नाही. पाणी आणताना मागे पाहायचं नाही, आणि घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मौन!

सुमती एकदा एसटीने आणायला गेला. कंडक्टरने विचारलं, "कुठं?" हा म्हणाला, "वाशीम." झालं! मायने ते पाणी तुळशीला घातलं.

*

म्हणून फटफटी. निघताना माय मला म्हणाली, "बाबू, चालवनाराले बी नियम लागू. तू बोलला त चालन, पन मागं पाह्यचं नाही."

"माय, आरसा आहे ना गाडीला."

"मंग त्याले रुमाल बांध!"

बांधला. शिरपूरला सुमतीने पाणी गाळून फिरकीच्या तांब्यात भरलं, झाकण घट्ट पिळलं, तांब्या छातीशी धरला आणि तोंड मिटलं. मी गाडी हाणली.

एका खड्ड्यानंतर गाडी एकदम हलकी पळायला लागली. मला वाटलं, कालच प्लग साफ केला, त्याचा गुण!

वाशीमला दारात गाडी लावली. माय उंबऱ्यात बसलेलीच होती.

"सुमती कुठं हाय?"

"मागे बसलाय," मी समोर बघत म्हणालो.

मायने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. त्यातून सुमती उतरला. सदरा फाटलेला, दोन्ही गुडघे सोललेले, तांब्या छातीशी. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हा मुका तुमचाच काय? हातानं रस्ता दाखवत आनलं यानं मले."

मायने त्यालाच विचारलं, "बोलला त नाही ना कुठं?"

"बोलते कायचा! माह्या डोळ्यासमोर गाडीवरून पडला. 'अरे' बी नाही म्हनला!"

माय बाजूला सरली. सुमतीने उंबरा ओलांडला, तांब्या तिच्या हातात दिला. तिने फिरकी उघडली, पाणी दोन्ही डोळ्यांना लावलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, तूप काढ!"

मग सुमतीने तोंड उघडलं.

"मेलो वं मायऽऽ!"