काळ्या मोलीचं बाळंतपण

पोटातलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून मी मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा शेजारच्या बायका माझ्याशी पावसापाण्याचं सोडून काही बोलेनात. नवरा चंद्रपूरला गेला आणि येताना काचेची टाकी आणि चार काळ्या मोली घेऊन आला. तलावातल्या मासोळीवर पोट भरणारं आमचं ढिवराचं घर, त्यात हे शोभेचे मासे. यांचा रस्सा करायचा की आरती, असं मी चिडूनच विचारलं.

पण त्या टाकीसमोरून मला उठवत नसे, हेही खरं. चारपैकी एक मोली दिवसेंदिवस फुगत चालली. दुकानदाराने फोनवर सांगितलं, की ती गाभण आहे आणि मोली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. ते ऐकून घरातल्यांचे चेहरेच उतरले. ही मेली तर सुनेचं काय होईल, हे मला प्रत्येकाच्या तोंडावर दिसायचं. मग मी घरात कायदाच केला: मासोळीच्या गोष्टीवरून माझ्या गोष्टीवर यायचं नाही. आतून मात्र मलाही तेवढंच हवं होतं. ही जगावी, हिची पिल्लं जगावीत. देवाकडे मागायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

सासूबाईंना दुकानदाराचं म्हणणं काही पटलं नाही. पोट फुगलेली मासोळी म्हणजे आत गाभोळी, म्हणजे अंडीच, हे त्या जन्मापासून बघत आलेल्या. आमच्याकडे नाल्याला गढूळ पूर आला, की तलावातल्या मासोळ्या त्या नव्या पाण्यात वर चढतात आणि अंडी टाकतात. नवं पाणी मिळालं नाही तर त्या तशाच भरल्या पोटाने राहतात. एका सकाळी मी अंघोळ करून आले, तर टाकीतलं पाणी चहासारखं झालेलं आणि मोली तळाशी आडवी पडलेली. सासूबाई रिकामी बादली धरून उभ्या होत्या.

"मले वाटलं, अडली हाय," त्या म्हणाल्या. "नवं पानी देल्लं का मोकळी होईन."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी दुकानदाराला फोन लावला. साठवलेलं पाणी थोडं कोमट करा, त्यात चिमूटभर खडे मीठ विरघळवा आणि टाकीतलं पाणी हळूहळू बदला, असं तो म्हणाला. पाणी सासूबाईंनीच कोमट केलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं आणि वाटीवाटीने टाकीत सोडलं. त्या दिवशी त्या मासोळी विकायला बाजारात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. टाकीजवळ बसून राहिल्या, आणि मी पलीकडे तोंड फुगवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोली सरळ झाली आणि पहिलं पिल्लू बाहेर आलं. मुंगळ्याएवढं, पण डोळे उघडे, लगेच पोहणारं. मला हसू फुटतंय तोवर आई वळली आणि तिने ते गिळलं. सासूबाईंनी लगेच चहाची गाळणी उचलली आणि पुढचं प्रत्येक पिल्लू आल्याबरोबर अलगद काढून दुसऱ्या टबात सोडलं. तलावातलं शेवाळ आणून त्यात लपायला जागा केली. संध्याकाळी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून कणभर दिला. पिल्लं खात होती. मोलीही जगली.

माझा राग एव्हाना उतरला होता. एका मासोळीसाठी दोन बाजार बुडवलेत, असं मी त्यांना चिडवलं. त्यांनी टबावरून नजर काढली नाही.

"मासोळीसाठी नाई, बाई. माये दोन लेकरं गेले, तुया नवऱ्याच्या आधी. तिसऱ्या दिवशी मी जाळं घेऊन पान्यात होती. कोनी जवळ बसलं नाई माया. तुयाजवळ बसाचं होतं मले, पन तू कोनाले जवळ येऊ देत नोती. म्हनून इथी बसली."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. आजही मोलीची पिल्लं दिसली, की मला आधी सासूबाईंचे उपकार आठवतात. त्या संध्याकाळी स्वयंपाक नवऱ्याने केला. दवाखान्यातून आल्यापासून मी पहिल्यांदाच रडत होते, आणि त्या माझ्याजवळ बसून होत्या.