भावजयीची फ्रँचायझी

माझ्या परळच्या ऑफिसात भावजयीला मीच घेतलं. लग्नानंतर तिची नोकरी सुटली होती, घरात बसून ती कंटाळायची, आणि मला फोन घ्यायला, भेटीगाठी ठरवायला कोणीतरी हवंच होतं. शिवाय ती मला आवडायची.

माझं काम पाहुण्यांना समजावून सांगणं कठीण. आग लागली, पाणी शिरलं, भूकंपाचा धक्का बसला तर कोणी काय करायचं, कुठून बाहेर पडायचं, हे आधीच ठरवून लोकांकडून त्याची तालीम करून घ्यायची. पुण्याच्या एका कंपनीची फ्रँचायझी मी घेतली होती. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली ऑफिसं माझी गिऱ्हाइकं. आई सकाळी शिवाजी पार्कला फिरायला गेली की मैत्रिणींना माझं कौतुक सांगायची. ते मला ठाऊक नाही असं मी दाखवायचे.

मग कंपनीने जुन्या चाळींमध्ये उतरायचं ठरवलं. खर्च मोठ्या कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून येणार होता. पहिली सभा लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत. पुण्याचे साहेब मुद्दाम आले होते. मी प्रोजेक्टर लावला, जिन्यांचे नकाशे दाखवले. मागून एक काकी उठल्या.

"मॅडम, बिल्डर कोण?"

मी म्हटलं, "बिल्डरचा काही संबंध नाही."

"मग आमचे जिने कशाला मोजताय? इमारत धोकादायक ठरवून आम्हाला बाहेर काढायला?"

खोलीत एकदम गलका झाला. मी माइकवरून बोलत राहिले, कोणी ऐकेना. माझ्या फायली घेऊन दाराशी उभी असलेली भावजय तेव्हा आत शिरली आणि थेट त्या काकींच्या शेजारी जाऊन बसली. तिचं माहेर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. ती मालवणीत म्हणाली,

"भिया नको गे काकी, मी बिल्डरकडची न्हय. आग लागली तर खंयच्या जिन्यान उतरूचा, तां फक्त ठरवूया."

काकींनी तिला विचारलं, तू कोणाची गो? तिने वडिलांचं नाव, त्यांची गिरणी, गिरणीतलं खातं, सगळं सांगितलं. थोड्या वेळाने अख्खी सभा उठून बाहेर गॅलरीत गेली. जिन्यातली कोणाची ट्रंक, कोणाची सायकल हलवायची यावर मजेत भांडणं सुरू झाली आणि भावजय मध्ये उभी राहून ती सोडवत होती. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळली. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठे होती हो ही इतके दिवस?"

माझ्या ऑफिसात होती. फोन घेत होती.

आठवड्याभराने ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "ताई, साहेबांचा फोन आलेला. लालबाग-परळच्या चाळींची फ्रँचायझी मी घ्यावी म्हणतायत. तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार."

"मी कशाला नको म्हणू? घे ना."

"मनापासून?"

"अगं, घे म्हटलं ना!"

आईने तिच्या हातावर साखर ठेवली. मग आठवण झाल्यासारखी माझ्याही.

माझ्या पोटात दुखत होतं, दुसरा शब्द नाही. तिने आधी मला विचारावं याचा तर जास्तच राग आला. चुकून का होईना, ती वाईट वागली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. मी हट्टाने साहेबांकडून गिरगाव मागून घेतलं. प्रोजेक्टर घरी ठेवला, साधी साडी नेसले, जिन्यात उभी राहून बोलायची तयारी केली. पहिल्याच इमारतीच्या सेक्रेटरींनी चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उत्तम. पण आमच्या मेहुणीच्या चाळीत त्या लालबागच्या बाई आल्या होत्या. त्याच येतील ना?"

रस्त्यावर येऊन मी तिला फोन लावला. ती लगेच "येते" म्हणाली.

तिच्या ऑफिसचं उद्घाटन परळलाच झालं, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. फीत आईने कापली. लालबागच्या त्या काकी नवी साडी नेसून आल्या होत्या; सभेतली मॅडम मीच, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी कोण, हे काकींना कसं सांगावं ते आईला सुचेना. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ही हिची नणंद."

मी नमस्कार केला. काकी म्हणाल्या, "भाग्यवान गो तू." मी हसले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन पाहुण्यांमध्ये फिरू लागले.

आता गिरगाव आम्ही दोघी मिळून बघतो. बोलणं तिचं, नकाशे माझे. तालीम संपली की बायका तिच्याभोवती गोळा होतात, तिला घरात बोलावतात, पोहे खायला घालतात. ती हाक मारते, "ताई, या ना आत." मी कधी जाते, कधी फोन आल्याचं निमित्त करून खाली उतरते.