गॅलरीचा दगड

काल लेकीने ठोकळ्यांचं घर रचलं आणि मला तीसेक वर्षांपूर्वीचं बेलापूरच्या डोंगरावरचं देवीचं देऊळ आठवलं. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. देवळामागे दगडावर दगड रचला की देवी घर देते, म्हणून आम्ही तिघं धापा टाकत चढलो होतो. आईने तीन चपटे दगड नीट रचले. मी पळत जाऊन वर चौथा ठेवला.

"ही गॅलरी!"

"अगं, सगळंच पडेल ना!" आई ओरडली.

"राहू दे, मलापण गॅलरी पायजे," बाबा म्हणाले.

वाऱ्याने दगड डुगडुगला, पण टिकला. मी उड्याच मारल्या!

पुढे घर मिळालं. गॅलरी मात्र खिडक्या लावून आत घेतली, माझ्या अभ्यासाच्या टेबलासाठी. काल तिथेच बसून आईने नातीच्या घरावर अलगद एक ठोकळा ठेवला.

"गॅलरी राहिली होती," ती म्हणाली.