अक्काच्या सुपातली करडई

पोरी, हा कागद जरा डोळ्यांजवळ धर, म्हणजे मी शेजारी बसून बोलते आहे असं वाटेल. आणि आधी माझी बोलणी खा. तुमच्या कॉलनीतल्या बायका आजारपणासाठी मिळून काही जमवू म्हणतात, आणि तू लिहितेस, "मावशी, मला त्यांचा भरवसा नाही." अगं, संशयाचा हा वसा तू माझ्याकडूनच घेतलास. म्हणून माझी लाजेची गोष्ट तुलाच सांगते.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा नुकता पहिला टीव्ही आला होता. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना त्यांचा दवाखाना होता. आम्हा शेतीवाल्यांना कोण? एकदा धुळ्याहून आजारपणाचा विमा सांगणारे एक साहेब आले. हप्ता ऐकूनच ह्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यातून ह्यांना अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, जुना त्रास, आणि जुनं दुखणं विम्यात धरत नाहीत म्हणे. साहेब चहा पिऊन गेले, दुखणं आमच्याकडेच राहिलं.

आमच्या भजनात सुभद्राअक्का होती. एकटी विधवा बाई, बोलायला कमी. तिनं एक तोड काढली. कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे सणाच्या प्रसादाला, आपण घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतो ना, तशी दर घरानं रोज एक मूठ दादर, म्हणजे आपली ज्वारी, देवळातल्या कणगीत टाकायची. ज्या घरी मोठं आजारपण येईल त्याच्यासाठी ती विकायची, आणि दवाखान्यात बसायला, डबा पोचवायला बायकांनी पाळ्या लावायच्या. कुणीतरी विचारलं, मग मदतही पुरुषांपुरतीच का? अक्का फटकन म्हणाली, "दुखनं काय मानूस-बाई देखीसन येस का?" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. कणगीची किल्ली अक्काच्या कमरेला होती ना!

एकटीचं पोट, त्याला असं किती लागतं? पण माझं मन मानेना. मग मी एक युक्ती केली. आमच्या शेतातली करडई मुठीत मिसळून कणगीत टाकायला लागले, खूण म्हणून. करडई गावात त्या वर्षी आमच्याच शेतात होती. पंधरा दिवसांनी विस्तव मागायच्या निमित्तानं अक्काच्या घरी गेले, तर ओट्यावर सुपात दादर आणि तिच्यात माझी करडई! जीभ चावली, पण आतून आनंदच झाला बघ. दोघीतिघींच्या कानाला लागले, "कणगीतलं कुठं जातं ते मी पाहून आले." तेव्हापासून मी रोज देवळात जायची, वळलेली मूठ कणगीत घालायची आणि आत उघडायची. मूठ रिकामी असायची. देवीसमोर असं किती महिने केलं, सांगवत नाही.

मग एके सकाळी हे विहिरीवरच पोट धरून बसले. अंतर्गळ अडकला होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून जळगाव गाठलं. डॉक्टर म्हणाले, आजच कापावं लागेल, उशीर झाला तर माणूस हातचा जाईल. पैशांची तजवीज करा. मी बाहेरच्या बाकावर बसले. कानबाईला हाक मारावी तर हात जोडले जाईनात. रिकाम्या मुठीचे हात ते. कुणाला निरोप धाडायचं तोंडही नव्हतं.

दुपारी जिन्यावरून अक्का वर आली. मागे डबा घेतलेल्या दोघीजणी. त्याच, ज्यांच्या कानाला मी लागले होते. अक्कानं पदराची गाठ सोडून पैसे माझ्या हातात कोंबले. मी चाचरत म्हटलं, "अक्का, मी तर..." तिनं ऐकलंच नाही. दुसरी गाठ सोडली आणि एक चिंधीची पुरचुंडी दिली. "हाई ले तुनी करडई. बठ्ठी येची ठेयेल शे. मना डोया गयात येचता येचता." सगळी वेचून ठेवली होती, वेचता वेचता डोळे गेले म्हणे.

डब्यावाल्या बाईनं मग सांगितलं. मिसळीच्या धान्याला ते विकत घेणारे शेठजी भाव पाडून देतात, देवळात अंधार, म्हणून अक्का थोडं थोडं घरी नेऊन ओट्याच्या उजेडात निवडायची आणि परत आणून टाकायची. आणि त्याच सकाळी, ह्यांचं पोट दुखायच्याही आधी, तिनं काही कारण नसताना पोती भरायला लावली होती. शेठजींचा टेम्पो गावात होता, ह्यांना जळगावला नेल्याचं कळलं तेव्हा माल चढत होता. कसं सुचलं विचारलं तर अक्का एवढंच म्हणाली, "माय जाने," म्हणजे कानबाईच जाणे. मी वाद घालत नाही, पोरी. ऑपरेशन दिवस मावळायच्या आत झालं, आणि हे पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी भांडायला होते.

घरी आल्यावर मी देवीपुढं भरली मूठ उघडली, आणि अक्कापुढं तोंड. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं." बस्स, एवढंच. तेव्हा कळलं, आपण मोजत, पारखत, खुणा करत बसतो आणि तिकडे आपलंच कुणीतरी निवडत बसलेलं असतं. त्याच्या हाती सोपवावं आणि आपली मूठ भरलेली ठेवावी, एवढंच आपल्याकडे.

अक्का गेली. किल्ली आता माझ्या कमरेला आहे. परवा निवडताना दादरमध्ये सूर्यफुलाच्या बिया निघाल्या, एकसारख्या, कुणीतरी मुद्दाम टाकलेल्या. मी हसले आणि चिंधीत बांधून ठेवल्या. ज्या बाईच्या आहेत तिला एक दिवस लागतील.

पण माझे डोळे आता काम देत नाहीत गं. लवकर ये. संशय घेऊन आलीस तरी चालेल, ओट्यावर माझ्याशेजारी सूप घेऊन बस.